भेग मिटेल, असं मी सांगितलं होतं

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी भर पावसात डोंगर चढून गेले वगैरे वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी पालीला भिते, विजेला भिते, घाटात एसटी वळली की डोळे मिटून घेते. आणि ‘माझं चुकलं’ असं चारचौघांत म्हणायला तर सगळ्यांत जास्त भिते. या शेवटच्या भीतीपायी एकदा राजूरच्या वरच्या अंगाला, एका वाडीत, दोन म्हाताऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागला होता. त्याला आता तीन पावसाळे झाले. तरी श्रावणात सलग दोन दिवस पाऊस लागला की माझे तळहात गार पडतात.

मी मूळची मिरजगावच्या बाजूची. आमच्याकडे डोंगर नाहीत, त्यामुळे डोंगराची भीतीही नाही. आमच्याकडे भ्यायचं ते वाऱ्याला. चैत्र-वैशाखात रानं नांगरून उघडी पडलेली असत आणि दुपारचा वारा सुटला की अख्खं शिवार उठून चालायला लागे. मी आठेक वर्षांची असताना अशा एका वावटळीत रानात एकटी सापडले. बाभळीच्या बुंध्याला मिठी मारून बसले, दातांखाली माती करकरत होती आणि कानांत नुसता घोंगावा. काटे टोचले होते ते घरी गेल्यावर कळलं. वारा पडल्यावर पाहते तर बांधाच्या कडेला मातीचा गुडघाभर ढीग लागलेला, आणि रानाच्या चढावर, जिथं काळी माती होती, तिथं पांढरा मुरूम डोकावत होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, कमरेवर हात ठेवून म्हणाले, “गेली आपली माती शेजाऱ्याकडं. निदान सांगून तरी जायचं.” ते हसले. मला काही हसू आलं नाही. जमीन जागची हलते ही गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि मुळीच आवडली नाही.

भेगांचं मात्र आम्हाला काही वाटायचं नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडायच्याच. कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. माझी एक नवी चप्पल अशाच एका भेगेत गेली आणि त्यापायी मी मार खाल्ला. पण पाऊस झाला की माती फुगायची आणि भेग मिटायची. कुठं होती ते दाखवता यायचं नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अनवाणी पायांनी शिकले होते. म्हणूनच त्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

पुढे शिक्षिकेची नोकरी लागली आणि जिल्ह्याच्या एका टोकाची मी दुसऱ्या टोकाला जाऊन पडले. कर्जत तालुक्यातून थेट अकोले तालुका. राजूरला खोली घेतली. तिथून सकाळी जीपने फाट्यापर्यंत जायचं आणि फाट्यापासून अर्धा तास चढ. वाडी तीसेक घरांची, शाळा पाचवीपर्यंतची, शिक्षक दोनच. पहिल्या पावसाळ्यात मी रोज रडत वर जायची आणि रडत खाली यायची. चारी बाजूंनी डोंगर अंगावर आलेले, त्यांच्या माथ्यावर धुकं, आणि रात्रंदिवस कुठून ना कुठून पाणी पडल्याचा आवाज. हळूहळू सवय झाली. सवय होण्याचं खरं कारण म्हणजे वाडीत मला मिळालेला मान. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, आधार कार्डाला फोन नंबर कसा जोडायचा, भाताला कोणतं खत टाकायचं, सगळं मला विचारायचे. भाताचं रोप मी तोवर जवळून पाहिलेलंसुद्धा नव्हतं, तरी बिनदिक्कत सांगायची. “बाई म्हनल्या” एवढं म्हटलं की वाडीतला वाद संपायचा. मला ते फार गोड लागायचं.

शाळेत पोरांची खिचडी शिजवायला एक मावशी होत्या. साठीच्या, बारीक, कमरेत थोड्या वाकलेल्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायची, ते पायाने अधू होते आणि काठीवर चालायचे. मुलगा-सून नाशिकला कामाला. वाडीतल्या सगळ्यांत वरच्या अंगाला यांचं घर. कुडाच्या भिंती, वर पत्रा, मागे गोठा, त्यात एक गाय. घराच्या वर नाचणीचं तिरपं रान आणि त्याच्या वर नुसता डोंगर. यांच्या खालच्या अंगाला आणखी दोन घरं होती. शाळा ओढ्याच्या पलीकडे, कातळावर बांधलेली.

त्या वर्षी मी पोरांना जमिनीचं रूप कसं बदलतं ते शिकवत होते. पुस्तकात चार ओळी होत्या. मला चार ओळींत थांबायची सवय नाही, मी तीन दिवस घेतले. वाऱ्याचं तर मी घरचंच सांगितलं. हिमनदी समजावताना पंचाईत झाली. बर्फाचा डोंगर हळूहळू सरकतो आणि खालचा खडक खरवडून नेतो, हे ऐकून पोरं हसायला लागली. मग राजूरच्या बाजारातून डब्यात बर्फ नेला, त्याच्या बुडाला वाळू चिकटवली आणि साबणाच्या वडीवरून ओढून दाखवला. वडीवर छान ओरखडे उठले. नंतर पोरांनी तो बर्फ वाळूसकट चोखून संपवला. दरड कशी कोसळते ते दाखवायला मी मातीचा ढीग केला, वरून तांब्याने पाणी घातलं आणि ढीग बसला. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पण तीन-चार दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या, त्या यामुळेच आल्या असाव्यात.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, होऊन महिना झाला होता. आठवडाभर झोडपून पाऊस थांबला होता आणि जरा उघडीप होती. शाळा सुटताना मावशी म्हणाल्या, “बाई, जरा आमच्याकडं येऊन जा. नाचनीच्या वर भुई फाटलीया. तुमाला त्यातलं कळतं.”

मी गेले. चिखलात चपला हातात घेऊन वर चढले. नाचणीच्या रानाच्या वरच्या कडेला भेग होती. चार बोटं रुंद, कोयत्यासारखी वाकडी, आणि लांबलचक, दोन्हीकडे गवतात शिरून दिसेनाशी झालेली. मी वाकून पाहिलं. खालचा काठ वरच्या काठापेक्षा बोटभर खाली बसला होता. हे मला दिसलं. दिसूनही मी त्याचा विचार केला नाही, हे मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

खाली आलो तर काकांनी बोचकी बांधून अंगणात ठेवलेली. अंथरुणं, दोन पातेली, तांदळाचं पोतं. ते म्हणाले, “बाई, शाळेची किल्ली द्या. चार दिस तिथं ऱ्हातो. मला ह्या डोंगराचं लक्षान बरं दिसंना. आमी निघालो म्हंजी खालची दोन घरं बी निघतील. गाय वऱ्हांड्यात बांधतो.”

आता इथं मला खरं सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला यायचे होते. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, शाळेत मी एकटी. दोन दिवस खपून मी वऱ्हांडा घासला होता, भिंतीवर तक्ते लावले होते, पायरीवर रांगोळी काढायची ठरवली होती. त्या वऱ्हांड्यात पडलेलं शेण माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि काळ्या रानाची मिटलेली भेगही आली, ऐन वेळी मदतीला धावून आल्यासारखी.

“कशाला घाबरता काका,” मी म्हणाले. “आमच्याकडे याच्या दुप्पट भेगा पडतात. माझी चप्पल गेली होती एकीत. पाऊस पडला की मिटतात. हीसुद्धा मिटेल.”

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

त्यांनी बोचकी सोडली. माझ्यासमोर, एकेक करून. मावशींनी पातेली आत नेली. खालच्या घरांतली माणसं अंगणात थांबली होती, तीही “बाई म्हनल्या” म्हणत परतली. मी चहा घेतला आणि खाली उतरले.

काकांनी मात्र आपल्या बाजूने उपाय केला. भाताच्या खाचराचा बांध गळायला लागला की इथली माणसं चिखलात पेंढा तुडवून त्याने भोक लिंपतात. तसंच त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी तो अधू माणूस सकाळपासून काठीवर रेलून चिखल तुडवत होता. शाळेतली खिचडी उरकून मावशी घमेलं वाहत होत्या. संध्याकाळपर्यंत भेग पार बुजली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. तपासणी आटोपून मी बघायला गेले आणि म्हणाले, “बघा, मिटली की नाही!” काका हसले. मीही हसले.

मग पाऊस पुन्हा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी खिचडी ढवळताना सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “बाई, त्यो चिखूल दिसंना झालाय.”

मी छत्री घेऊन वर गेले. भरलेला चिखल गायब होता. वाहून गेला नव्हता, आत गेला होता. घमेल्यांनी ओतलेला चिखल भेगेने गिळला होता आणि तिचं तोंड आता माझा पाय आरामात मावेल एवढं झालं होतं. खालचा काठ वीतभर बसला होता. मी आत पाहिलं, काळोख होता, आणि त्या काळोखात कुठंतरी पाणी वाजत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. खाली उतरेपर्यंत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण अंगणात खालच्या घरातल्या दोन बाया उभ्या होत्या, काका उभे होते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, “जरा लक्ष ठेवा.” बस, एवढंच. तीन शब्द बोलून मी जीप गाठायला निघाले. चुकले म्हणायला जीभ वळली नाही.

राजूरला खोलीवर आल्या आल्या अण्णांना फोन लावला. खरं तर मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं की भेग मिटते. मी सगळं सांगितलं. ते नेहमीसारखे चेष्टेत होते. “तुला डोंगर दिलाय सरकारनं, आता फाटला तर शिवून दे.” मग त्यांनी विचारलं, “भेग सरळ हाय का वाकडी?”

“वाकडी. कोयत्यासारखी.”

“दोनी काठ एका पातळीत हायेत?”

“नाही. खालचा बसलाय. वीतभर.”

मग त्यांचा आवाज बदलला. “पोरी, इहीर खांदताना काठाला अशी वाकडी भेग पडली, अन् आतल्या अंगाचा काठ बसला, तर आपन काय करतो?”

मी लहानपणापासून विहिरींची कामं पाहिली होती. सगळं काम थांबतं, कुणीतरी ओरडतं आणि आधी खालची माणसं वर घेतात. हत्यारंसुद्धा खालीच राहतात. “खालची माणसं बाहेर काढतो,” मी म्हणाले.

“मंग? काळ्या रानाची भेग उन्हानं पडती, म्हनून पान्यानं मिटती. ही पान्यानंच पडलीया. ती पान्यानं कशी मिटंल?”

मी फोन ठेवला आणि जमिनीवर बसले. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. सगळं माझ्याच घरचं ज्ञान होतं. त्यातलं सोयीचं तेवढं मी काढलं होतं. मावशींना फोन लावला, लागला नाही. वाडीत रेंज एका दगडापाशी येते, पावसात तिथं कोण जाणार. पोलीस पाटलांना लावला, तोही बंद. तहसीलच्या नंबरवर एकाने सगळं नीट लिहून घेतलं, पण वाटेत झाड पडलं होतं, ते काढल्यावर माणूस येईल म्हणाला. जीपवाल्याने अंधारात यायला साफ नकार दिला आणि मला मनातून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. झोप लागली नाही.

सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला, अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी. म्हणजे मला जायची काही गरज नव्हती. मी तो निरोप तीनदा वाचला. मग रेनकोट घातला. फार धैर्य आलं म्हणून नव्हे. खोलीत बसून वाट बघण्याची भीती जास्त होती, एवढंच.

फाट्यापासूनचा तो चढ मी कधीच विसरणार नाही. वाटेवरून तांबडं पाणी पायांवर येत होतं. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. दर आवाजाला मी थांबत होते, माकडाने फांदी हलवली तरी खाली बसत होते. वरून एक नारळाएवढा दगड टप्पे खात आला आणि माझ्या पुढून वाट ओलांडून गेला. मी तिथंच रडायला लागले, आणि रडत रडतच चालत राहिले. बडबडत होते, देवाला नव्हे, काकांना. निघा, काका, निघा.

घराशी पोचले तेव्हा साडेदहा झाले असतील. मावशी दाराला खांदा लावून रेटत होत्या. “दार बसंना झालंय बाई. चौकट वाकडी झालीया.” घरामागे एक झरा होता, त्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून अंगणात पडायचं. उन्हाळ्यातही न आटणारं. त्या दिवशी एवढ्या मुसळधार पावसात ती पन्हळ कोरडी होती. चुलीपाशी बसलेले काका म्हणाले, “रातीपास्नं बंद हाय. बरंच झालं, आंगनात चिखूल कमी.”

झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटात तुंबत होतं, हे मला कळलं. तरीही, ऐका, तरीही माझ्या तोंडातून खरं निघालं नाही. मी म्हणाले, “काका, तहसीलदार साहेबांचा आदेश आलाय. वरची तिन्ही घरं आत्ताच्या आत्ता रिकामी करायची.”

काकांनी विडीची राख झटकली. “सायेब हितं आलता का भेग बघाया?”

“नाही, पण आदेश...”

“मंग? तुमी आलता. तुमी वाकून बघितली. तुमी सांगितलं मिटंल म्हनून. न बघितल्या सायबाचं ऐकू का तुमचं?” आणि ते हसले, अगदी मायेनं. “बसा. च्या घ्या. लई भिजलाय.”

साहेबाच्या आदेशापेक्षा माझा शब्द मोठा होता. आयुष्यात इतका मान मला कुणी दिला नाही आणि त्याची इतकी भीतीही कधी वाटली नाही. वर कुठंतरी ऊस मोडावा तसा कडकड आवाज झाला. एकदा, मग दोनदा. झाडांची मुळं तुटत होती. मी ओरडले. ओरडलेच.

“काका, मला काही कळत नव्हतं! मला शाळेच्या वऱ्हांड्यात गाय नको होती. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. म्हणून मी मिटेल म्हणाले. डोंगराची भेग मी आधी कधी पाहिलेली नव्हती. आदेशबिदेश काही नाही. माझं चुकलं. उठा!”

चुलीतला जाळ फुरफुरला. मावशींनी दार सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. काकांनी विडी चुलीत टाकली, काठी घेतली आणि उठले. पोतं नाही, पातेलं नाही, खुंटीवरची पासोडीसुद्धा घेतली नाही. पायाने अधू माणूस, पण अंगण ओलांडून त्या घसरड्या वाटेने असा चालायला लागला की मी बघतच राहिले. खालच्या दोन घरांना काही सांगावं लागलं नाही. काका रिकाम्या हाताने उतरताना दिसले, तशी ती माणसं पोरं काखेत मारून, जनावरांची दावी सोडून त्यांना हाकत निघाली.

“मी गाय सोडते,” मावशी म्हणाल्या आणि गोठ्याकडे वळल्या. गोठा घराच्या मागे, म्हणजे डोंगराच्या बाजूला. मी त्यांचं मनगट धरलं.

“सोडा बाई. धा पावलांवर हाय.”

गाय हंबरत होती. तिला आमच्या आधी कळलं असणार, कारण ते हंबरणं नेहमीचं नव्हतं. मावशी हात ओढत होत्या, वयाच्या मानाने त्यांच्यात खूप ताकद होती, आणि मी दोन्ही हातांनी धरून त्यांना अक्षरशः फरफटत खाली नेत होते. “दावं सोडून येते, नुसतं दावं,” त्या म्हणत होत्या. नंतर लोक म्हणाले, बाईंनी मावशीला हिंमतीनं ओढून काढलं. हिंमत कुठली? मला त्या वाटेवर एकटीला उतरायची भीती वाटत होती. मी दुसऱ्या माणसाचा हात धरला होता आणि तो मला सुटत नव्हता.

ओढा ओलांडून आम्ही शाळेच्या पायऱ्यांवर आलो आणि डोंगर सुटला. आधी पायांखालचा कातळ थरथरला. मग खडीचा डंपर रिकामा करतात तसा आवाज, पण थांबायचं नाव नाही. धुक्यातून मावशींच्या घरामागच्या चढावरचा उंबर दिसला. तो उभाच्या उभा खाली चालत येत होता, फांदीसुद्धा न हलता. मग तो आडवा झाला आणि त्याच्यामागून तांबडा चिखल, दगड, पत्रा, सगळं एकत्र आलं. खालच्या घरांतल्या पोरांनी माझे पाय धरले होते. मी डोळे मिटले. बाभळीच्या बुंध्याशी मिटले होते तसेच, पण या वेळी उघडायचे नव्हते.

आवाज थांबल्यावर ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा उग्र वास आला. धुकं उठलं तेव्हा डोंगराच्या अंगावर एक लांब तांबडी जागा होती, कातडी सोलल्यासारखी. तिन्ही घरं नव्हती. भाताची खाचरं नव्हती. काकांची चूल जिथं होती तिथं आता एक नवीन टेकाड होतं आणि त्याच्यावर नाचणीचं रोप तसंच उभं होतं, हिरवंगार, जणू तिथंच पेरलेलं. जमिनीचं रूप बदलतं असं मी तीन दिवस तांब्याने पाणी ओतून शिकवलं होतं. बदलायला पुरती पाच मिनिटंही लागली नव्हती. गायीचा आवाज येत नव्हता.

सगळी माणसं मोजली. सगळी होती. मग मला उलटी झाली.

पुढचे दिवस तिन्ही घरांची माणसं शाळेत राहिली. वऱ्हांड्यात खालच्या घरांचे बैल आणि शेळ्या बांधलेल्या, तक्त्यांवर ओले कपडे, सगळीकडे शेण. तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. वाडी जमली होती. काका त्यांना म्हणाले, “बाई आल्या म्हनून आमी जित्ते हाय.” लोकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी तोंड उघडलं, म्हणाले, “नाही, आधी मीच त्यांना...” पण काकांनी काठी उचलून मला गप्प केलं.

तलाठी गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, “बाई, ते सांगत बसू नगा कुनाला. तुमच्या बोलन्यावर थांबलो, तुमच्याच बोलन्यावर निघालो. फिट्टंफाट झाली.”

मला हुंदका आला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी मान हलवली, डोळे पुसले.

मावशी चुलीपाशी होत्या, आमच्याकडे पाठ करून. खिचडी ढवळायचं थांबवून त्या म्हणाल्या, “त्यांची झाली आसंल. माझी न्हाई झाली. आठ दिसांमागं माझी गाय ह्याच वऱ्हांड्यात बांधली आसती.”

मावशींनी माझं ताट ओढून घेतलं, त्यात खिचडी वाढली आणि माझ्याकडे न बघता ते माझ्यापुढे ठेवलं.